थकव्याआड दडलेला आजार : थायरॉईड

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याच्या गरौठा तालुक्यात गुरसराय नावाचे एक गाव आहे. मराठी वाचकाला हे नाव चटकन आठवेल असे नाही. परंतु त्या गावाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. महाराजा छत्रसालांच्या मदतीला १७२९ मध्ये पहिले बाजीराव पेशवे धावून गेले आणि त्यानंतर बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. रत्नागिरीजवळील नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच इतिहासातील गोविंदपंत बुंदेले, यांनी पुढे या प्रांताचा कारभार पाहिला. गुरसराय ही मराठी ब्राह्मण घराण्याची जहागीर झाली. झाशी, सागर, जालौन या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची मुळे याच इतिहासात आहेत.

कोकणच्या किनाऱ्यावरून निघालेली ही माणसे समुद्रापासून शेकडो मैल दूर जाऊन राहिली. समुद्रापासूनच्या या अंतराचा आणि गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा काही संबंध असू शकेल, असे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही आले नसते. तो संबंध विसाव्या शतकात उलगडला. त्यावर उपायही झाला. तथापि, त्याच ग्रंथीचा एक दुसरा आजार आज घराघरांत आढळतो आहे आणि तो मात्र समुद्राच्या जवळ वा दूर राहण्याने टळत नाही.

गुरसरायसारख्या गावातील पस्तीस-चाळिशीची एखादी गृहिणी क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. सकाळी उठतानाच तिला थकल्यासारखे वाटते. फाल्गुन उजाडला, घरातील इतरांनी स्वेटर पेटीत ठेवले, तरी तिच्या अंगावरची शाल उतरत नाही. केस विंचरताना फणीत गुंता येतो. त्वचा कोरडी पडली आहे, पोट साफ होत नाही, पाळीत रक्तस्राव वाढला आहे, वजन थोडे चढले आहे. बोलता बोलता शब्द आठवत नाही. सासूबाई म्हणतात, ‘अंगात रक्त नाही.’ नणंद म्हणते, ‘वहिनी, जरा चालायला जात जा.’ यजमानांना वाटते की तिचा स्वभावच हल्ली चिडका झाला आहे. शक्तिवर्धक औषधाच्या दोन बाटल्या संपतात. पाहता पाहता दोन वर्षे जातात आणि शेवटी ती स्वतःच मनाशी म्हणू लागते, ‘आपणच आळशी झालो असू.’

हे चित्र काल्पनिक असले तरी त्यातील एकही तपशील अपरिचित नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या भगिनी, शाळेतील शिक्षिका, शेतावर राबणारी स्त्री, यांपैकी कुणाच्याही बाबतीत हे घडू शकते. या आजाराचे खरे नुकसान त्याच्या तीव्रतेत नाही, तर त्याच्या सावकाशपणात आहे. तो इतक्या हळू पावलांनी येतो की प्रत्येक लक्षणाला घरात आधीच एखादे कारण तयार असते. आणि म्हणूनच तो समजून घेणे आवश्यक आहे.

मुख्य कार्यालय आणि शाखा

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. व्यवहारात सर्वजण तिला थायरॉईड या नावानेच ओळखतात. तिचे वजन प्रौढ व्यक्तीत सुमारे २० ग्रॅम असते. अन्नातून मिळणाऱ्या आयोडीनचा वापर करून ही ग्रंथी दोन संप्रेरके तयार करते. त्यांतील थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. दुसऱ्यात तीन असतात, म्हणून ते टी-३. शरीरातील पेशींनी किती वेगाने काम करावे, हे ही संप्रेरके ठरवतात. हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, त्वचा व केसांची वाढ, मासिक चक्र, मनाचा उत्साह, गर्भातील बालकाच्या मेंदूची घडण, या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर पीयूषिका हे मुख्य कार्यालय आणि थायरॉईड ही त्याची शाखा. मुख्य कार्यालय टी.एस.एच. नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ते शाखेला लिहिलेले पत्रच समजावे. शाखेचे काम मंदावले की मुख्य कार्यालयाकडून स्मरणपत्रांचा ओघ वाढतो. शाखा गरजेपेक्षा अधिक काम करू लागली की पत्रे बंद होतात. म्हणून तपासणीच्या अहवालात टी.एस.एच. वाढलेले दिसले तर त्याचा अर्थ बहुधा थायरॉईड मंद आहे असा होतो आणि टी.एस.एच. फार कमी दिसले तर ग्रंथी अतिक्रियाशील झाली असल्याचा संशय येतो. अहवाल हाती घेतल्यावर अनेकांची गफलत होते ती नेमकी याच ठिकाणी. आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढले, असे नव्हे.

मिठाने जिंकलेली लढाई

पूर्वी थायरॉईडचा विकार म्हटला की गळ्यावरची मोठी गाठ, म्हणजे गलगंड, एवढेच लोकांना ठाऊक असे. त्याचे प्रमुख कारण आहारातील आयोडीनची कमतरता हे होते. पर्वतीय प्रदेशातील व पुराने धुऊन निघणाऱ्या मातीत आयोडीन अल्प असते. हिमालयाच्या पायथ्याशी असलेला पट्टा, उत्तर प्रदेशाचा तराई भाग त्यात मोडतो, या विकारासाठी कुप्रसिद्ध होता. शाखेत कर्मचारी चोख असावेत, परंतु रोकडच पोहोचू नये, अशी ती अवस्था. कच्चा मालच नसल्याने ग्रंथी फुगत जाई.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात एक प्रदीर्घ प्रयोग सुरू केला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ व एका भागात साधे मीठ पुरवण्यात आले. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. या अनुभवाच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याला आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे व्यापक नाव मिळाले. साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठवण्यात आली होती. ती मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गरोदरपणात ही गरज सुमारे २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. घरात येणाऱ्या मिठाच्या पुडीमुळे ती आज बहुतांशी भागते.

परंतु मिठाने ही लढाई बरीचशी जिंकल्यावरही थायरॉईडचे रुग्ण संपले नाहीत. मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५,३७६ प्रौढांची तपासणी करण्यात आली. त्यांतील १०.९५ टक्के व्यक्तींमध्ये थायरॉईडची मंदता आढळली. ३.४७ टक्के व्यक्तींना तर आपल्याला हा विकार आहे याचा तोवर पत्ताच नव्हता. शंभरातील सुमारे २२ जणांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे होती. हे शेवटचे निरीक्षण फार बोलके आहे. मीठ पोहोचले, आयोडीन पोहोचले. मग ग्रंथी मंद का पडते? त्याचे उत्तर बाहेरच्या टंचाईत नसून शरीराच्या आतील एका गैरसमजात आहे.

पहारेकऱ्याची चूक

बँकेच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी चोराला अडवतो व खातेदाराला आत सोडतो. शरीराची प्रतिकारशक्तीही अशीच परका आणि आपला यांतील भेद ओळखते. जंतू शिरले तर त्यांच्याविरुद्ध ती प्रतिपिंडे व पांढऱ्या पेशी धाडते. मात्र काही व्यक्तींमध्ये ही ओळख चुकते. पहारेकऱ्याने जुन्या खातेदारालाच चोर समजावे, तशी ही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर चालून जाते. अशा विकारांना ऑटोइम्यून किंवा स्वप्रतिकारक विकार म्हणतात. थायरॉईड हे त्यांचे सर्वांत नेहमीचे लक्ष्य होय.

जपानमधील तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉईडचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. त्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी झालेली होती. असे का व्हावे, हे त्यांना उमगणे शक्य नव्हते. हाशिमोतो १९३४ मध्ये विषमज्वराने निवर्तले. १९५६ हे वर्ष मात्र निर्णायक ठरले. लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोतो विकाराच्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच वर्षी अमेरिकेत रोझ व विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून असा विकार घडवून दाखवला. शरीर स्वतःवर उलटू शकते, हे वैद्यकशास्त्राला मान्य करावे लागले. गंमत अशी की आपल्याकडे कांगडा खोऱ्यात मिठाचा प्रयोग सुरू झाला तेही हेच वर्ष.

हाशिमोतो विकारात ग्रंथीच्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू नष्ट होतात व संप्रेरकांची निर्मिती घटते. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये वर्णन केल्यामुळे त्याला ग्रेव्ह्ज विकार म्हणतात. त्यात तयार होणारी प्रतिपिंडे ग्रंथीचा नाश न करता तिला सतत चेतवत राहतात. जणू कुणी मुख्य कार्यालयाच्या खोट्या शिक्क्याची पत्रे शाखेला पाठवत सुटावे आणि शाखेने अहोरात्र काम करत राहावे!

हा दोष का उद्भवतो? त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई, मावशी, बहीण यांना थायरॉईडचा विकार असेल तर घरातील इतरांनी सावध असावे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो अनेक पटींनी अधिक आढळतो. बाळंतपणानंतरचे वर्ष विशेष जपण्याचे असते. बालवयातील मधुमेह, अंगावरील कोड, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिॲक विकार हेही स्वप्रतिकारकच असल्याने, ज्यांना ते आहेत त्यांनी थायरॉईडकडे लक्ष ठेवावे.

लक्षणे कशी ओळखावीत?

ग्रंथी मंद पडली असता आढळणारी लक्षणे वरील गृहिणीच्या वर्णनात बरीचशी आलीच आहेत. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, नाडीची मंद गती, पाळीतील अनियमितता, विसराळूपणा, उदासीनता. काहींच्या बाबतीत रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि ते का वाढले याचा शोध घेता घेता थायरॉईडपाशी येऊन थांबतो. मूल न राहणे किंवा वारंवार गर्भपात होणे यामागेही हे कारण असू शकते. मुलांमध्ये उंची खुंटणे व अभ्यासात मागे पडणे ही खूण असते.

ग्रंथी अतिक्रियाशील झाली तर चित्र पालटते. भूक चांगली असूनही वजन घटते, छाती धडधडते, हाताला कंप सुटतो, घाम फार येतो, उष्णता सोसत नाही, झोप उडते, शौचास वारंवार जावे लागते. ग्रेव्ह्ज विकारात काही रुग्णांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. धूम्रपानाने डोळ्यांचा हा त्रास बळावतो, हे सिद्ध झाले आहे.

यांतील एखादे लक्षण एकटे असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. थकवा रक्तक्षयानेही येतो, अपुऱ्या झोपेनेही येतो. परंतु तीन-चार लक्षणे एकत्र आली आणि काही महिने टिकली, तर स्वभावाला किंवा वयाला दोष देण्यापूर्वी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे होय.

तपासणी : काय आणि किती?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी टी.एस.एच.ची. प्रयोगशाळेनुसार थोडाफार फरक असला तरी प्रौढांमध्ये साधारणपणे ०.४ ते ४.५ ही मर्यादा सामान्य मानली जाते. शाखेच्या कामात किंचित घट होताच मुख्य कार्यालयाची पत्रे झपाट्याने वाढतात. म्हणून टी-४ अजून मर्यादेत असतानाच टी.एस.एच. बिघाडाची सूचना देते. त्यात दोष आढळल्यास मुक्त टी-४ तपासतात. कारण स्वप्रतिकारक आहे का, हे पाहण्यासाठी अँटी-टी.पी.ओ. ही प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. ती सहसा एकदाच पुरते. निदान झाल्यावर दर वेळी तिच्यावर खर्च करण्याचे कारण नसते, कारण उपचाराची मात्रा तिच्यावर ठरत नाही. हाताला गाठ लागत असेल तरच सोनोग्राफीची गरज भासते.

केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे या तपासण्यांचे आकडे फसवे येऊ शकतात. अशा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. सामान्यतः तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवतात.

या क्षेत्रात मुंबईचे योगदान आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळ येथे विकिरण वैद्यक केंद्र स्थापन केले. थायरॉईड आयोडीन शोषून घेते, या साध्या गुणधर्माचा आधार घेऊन तुर्भे येथे तयार झालेल्या किरणोत्सारी आयोडीनने ग्रंथीचे निदान व उपचार तेथे होऊ लागले. रक्तातील संप्रेरके अत्यल्प प्रमाणातही मोजू शकणारी रेडिओइम्युनोअसे ही पद्धती विकसित केल्याबद्दल रोझलिन यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीचे संचही पुढे तुर्भे येथे बनू लागले. एके काळी मोजक्या संस्थांत होणारी ही तपासणी आज तालुक्याच्या गावी रक्त देऊन करता येते. गुरसरायसारख्या गावातील रुग्णाला विशेषज्ञाकडे जायचे तर झाशी गाठावी लागेल; पण रक्ताचा नमुना जवळच देता येतो आणि अहवाल हाती घेऊनच पुढचा प्रवास ठरवता येतो.

काही वेळा टी.एस.एच. थोडे वाढलेले, परंतु टी-४ सामान्य असते. ही सीमारेषेवरची अवस्था होय. अशा वेळी घाईने गोळी सुरू करण्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. अनेकांचा आकडा आपोआप पूर्ववत होतो. तो १० च्या वर राहिला, लक्षणे असली किंवा स्त्री गरोदर असली, तर उपचाराकडे कल असतो. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे वीस वर्षे केलेल्या पाठपुराव्यात असे दिसले की ज्या स्त्रियांमध्ये टी.एस.एच. वाढलेले व प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांची ग्रंथी पुढे पूर्णपणे मंद झाली. म्हणजे सर्वांना गोळी लागत नाही. परंतु दरवर्षीची तपासणी मात्र चुकवू नये.

उपचार : एक लहानशी गोळी

न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीवर उपचार केले. मरणपंथाला लागलेली ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळे केले. १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवले. आज जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी मिळते ती याच शोधाचे फळ. शरीरात जे कमी पडते तेच ती भरून देते. म्हणून योग्य मात्रेत घेतल्यास तिचे दुष्परिणाम सहसा होत नाहीत. ती देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून फार महागही नाही.

मात्र ती घेण्याची शिस्त आहे. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा, कॉफी वा न्याहारी घेऊ नये. सकाळच्या पहिल्या चहाबरोबरच गोळी घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते व मग मात्रा वाढवूनही गुण येत नाही. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. बुंदेलखंडच्या उन्हाळ्यात गोळ्यांची बाटली खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवू नये. उष्णता, ओलावा व प्रकाश यांनी औषध दुबळे होते.

गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी तरतरी येत नाही. हे औषध शरीरात सावकाश साठते. म्हणून मात्रा ठरवल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा तपासतात. आकडा स्थिरावला की वर्षातून एक-दोनदा तपासणी पुरते. वृद्धांना व हृदयविकार असणाऱ्यांना अगदी अल्प मात्रेपासून आरंभ करतात. शेजारणीला जी मात्रा लागू पडली ती आपल्याला पडेलच असे नाही.

सर्वांत मोठी चूक घडते ती बरे वाटू लागल्यावर. ‘आता आकडा ठीक आला, मग गोळी कशाला?’ असे म्हणून अनेक जण औषध थांबवतात. वास्तविक आकडा ठीक आला तो गोळीमुळेच. कर्जाचा हप्ता वेळेवर जातो म्हणून खाते नियमित दिसते. हप्ता थांबवला की काही महिन्यांत थकबाकी उभी राहते, तसेच हे आहे. ग्रंथीच्या पेशी कायमच्या गेल्या असतील तर गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. दीर्घकाळ उपेक्षा केल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, शरीर गार पडून शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाते आणि तो जिवावरचा प्रसंग असतो.

ग्रेव्ह्ज विकारावर कार्बिमॅझोलसारखी औषधे साधारणतः १२ ते १८ महिने देतात. धडधड कमी करण्यासाठी प्रारंभी वेगळी गोळी जोडतात. विकार उलटला तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांना किरणोत्सारी आयोडीन देत नाहीत. कार्बिमॅझोल चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे व रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. या औषधाने क्वचित त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

आई आणि बाळ

या विकाराच्या संदर्भात सर्वाधिक दक्षता गरोदरपणात हवी. गर्भाची स्वतःची थायरॉईड कामाला लागेपर्यंत, म्हणजे पहिले काही महिने, बाळाच्या मेंदूची जडणघडण आईच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. ज्या स्त्रीची गोळी आधीपासून चालू आहे, तिला दिवस राहताच मात्रा सहसा वाढवावी लागते. म्हणून गर्भधारणेचे निदान होताच टी.एस.एच. तपासावे व पूर्वार्धात साधारण दर चार आठवड्यांनी पाहत राहावे. ‘गरोदरपणी औषधे नकोत’ या समजुतीने घरातील वडीलधारी मंडळी नेमकी हीच गोळी बंद करायला सांगतात. हेतू मायेचा असतो, परंतु परिणाम उलटा होतो. ही गोळी बाळाला बाधत नाही. ती थांबवणे मात्र बाधू शकते.

काही मातांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईडचा त्रास प्रथमच होतो. आरंभी धडधड व बेचैनी, नंतर थकवा व उदासी, असा त्याचा क्रम असू शकतो. घरातले लोक ‘बाळाची जागरणे’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. अनेकींना तो आपोआप बरा होतो, काहींना मात्र कायमचा जडतो; म्हणून नोंद ठेवून तपासत राहणे चांगले.

समज आणि गैरसमज

‘थायरॉईडमुळे वजन वाढले’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. ग्रंथी मंद झाल्याने वजन थोडे वाढते हे खरे. परंतु त्यातील बराच भाग शरीरात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. वीस किलोंचा दोष एकट्या थायरॉईडच्या माथी मारता येत नाही. वजन उतरवण्यासाठी गोळीची मात्रा स्वतःहून वाढवणे धोक्याचे आहे. त्याने हृदयाची लय बिघडू शकते व हाडे ठिसूळ होतात.

कोबी, फुलकोबी खाऊ नये, असेही सांगितले जाते. शिजवलेल्या भाज्या नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही. आयोडीनयुक्त मीठ सोडू नये. त्याचबरोबर आयोडीनची जादा पूरक औषधे मनाने घेऊ नयेत, कारण स्वप्रतिकारक विकारात त्यांनी त्रास वाढू शकतो. योगासने, चालणे, पुरेशी झोप यांनी प्रकृती सुधारते. गोळीला मात्र ती पर्याय ठरत नाहीत. आणि हा आजार संसर्गजन्य नाही, हे वेगळे सांगायला नको. थायरॉईड आहे म्हणून मुलीचे लग्न मोडणे किंवा लग्न ठरवताना तो लपवून ठेवणे, ही दोन्ही टोके केवळ अज्ञानापोटी निर्माण होतात.

वाचकहो, गुरसरायच्या त्या गृहिणीकडे पुन्हा एकदा वळू या. समजा, एके दिवशी घरातील कुणी तरी म्हणाले, ‘वहिनी, एकदा रक्त तपासून घेऊ या.’ समजा, अहवालात टी.एस.एच. बरेच वाढलेले आढळले आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. दोन-तीन महिन्यांनी तिची शाल पेटीत जाईल, आवाज मोकळा होईल, विसरलेले शब्द परत येतील. परंतु यांहून मोठे असे काही तिला परत मिळेल. गेली दोन वर्षे ती स्वतःला आळशी समजत होती. ती आळशी नव्हती, आजारी होती, हे तिला आणि तिच्या घराला कळेल.

खात्यातील शिल्लक कमी झाली तर आपण पासबुक भरून घेतो, कारण शोधतो. आपल्या घरातील माणसाचा उत्साह आटू लागला, तर तेवढीच तत्परता दाखवणे कठीण नाही. आई, पत्नी, बहीण, सहकारी यांपैकी कुणी ‘हल्ली फार थकते’ असे म्हणाले, तर सल्ला देण्यापूर्वी त्यांना रक्ततपासणीसाठी घेऊन जावे. त्या एका तपासणीने कुणाची तरी काही वर्षे वाचू शकतात.